सत्तावीस की एकवीस

डब्याचं झाकण काढलं तेव्हा आधी एक कोळी निघाला,
मग ओल शोषून गुलाबी पडलेली पुडी,
मग झाकणाच्या आतल्या अंगाला
पेन्सिलीने लिहिलेले दोन पत्ते:
वरचा डब्याचा स्वतःचा, खालचा गावातल्या भोंग्याचा.
खालच्याचा शेवट एकवीस असेल,
सत्तावीसही असेल.
लिहिणारा एर्मेक एकाला असं लांब नाक काढायचा
की त्याचा सात व्हायचा.
एर्मेक आता कझानला बांधकामावर आहे.
फोन लागत नाही.

"चालू आहे की," तोक्तोसून म्हणतो,
"दिवा बघ, लुकलुकतोय."
लुकलुकतोय खरा.
वर हिमनदीखालचं तळं, खाली कारा-ताश,
एकशे बारा घरं, आणि मधे हा डबा
अकरा महिने, दर दहा मिनिटांनी,
पाणी किती चढलं ते सांगतोय.
ऐकणारा कुणी नाही.

मी मांडीवर लॅपटॉप घेऊन मेंढ्यांच्या लेंड्यांत बसते.
केबल लावते. वेग चुकतो,
पडद्यावर नुसते चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं.
वेग बदलते.
एकदम स्वच्छ ओळ येते:
लॉगिन?
साडेतीन हजार मीटरवर कुणी आपलं नाव विचारलं
तर बरं वाटतं.

सेटिंग वाचत जाते.
पत्ता ठीक.
वेस ठीक, खिंडीतल्या रेडिओची.
मास्कपाशी थांबते.
आपल्या आळीतलं कोण आणि परकं कोण
हे ठरवायला एवढी एक ओळ असते.
तीही ठीकच निघते.
मग पाठवायचं ठिकाण:
सत्तावीस.

खाली शाळेत उलकान बाईंना फोन लावते.
"सत्तावीस नंबरला काय आहे हो तुमच्याकडे?"
त्या वायरी हुडकत फिरतात, मला त्यांचा श्वास ऐकू येतो.
"प्रिंटर," म्हणतात. "पण तो बंद आहे, बाधलेला आहे.
गेल्या शरदात आपोआप कागद ओकायचा,
दर कागदावर एकच आकडा.
दोन रिमं संपली, मग मी वायर उपटली."
मी विचारते, कागदांचं काय केलं?
"पाठकोरे होते. पहिलीतल्या पोरांना दिले,
चित्रं काढायला."

मी हसते. तोक्तोसून विचारतो काय झालं,
त्याला सांगते, तो हसत नाही.
टोपी काढतो,
तळ्याकडे बघतो.

सत्तावीस खोडून एकवीस करते.
पण हे लिहिणं अजून कच्चं आहे,
वीज गेली की डबा सगळं विसरेल
आणि पहाटे पुन्हा प्रिंटरच्या दारात जाईल.
म्हणून पक्क्या स्मृतीत उतरवते,
हुकूम दोनदा वाचून एकदा दाबते.
तोक्तोसून बॅटरीची तार काढतो,
दहापर्यंत मोजतो, सातावर जरा अडखळतो,
परत जोडतो.
डबा उठतो. आपलं आपण म्हणून दाखवतो:
पत्ता, मास्क, वेस,
एकवीस.

आता परीक्षा.
तळ्यातला सेन्सर वर ओढून
आम्ही त्याला पाण्याने भरलेल्या लांब नळीत सोडतो,
खोल, अजून खोल.
आकडा चढतो. लाल रेघ ओलांडतो.
काहीच होत नाही.
वारा. माझ्या बोटांना आता बोटं म्हणवत नाही.

मग खालून, फार खालून,
गंजलेला, घसा न फुटलेला एक आवाज
दरीतून वर चढत येतो,
आणि त्याच्या मागोमाग गावातली सगळी कुत्री.

"माझी सून घाबरली असेल," तोक्तोसून म्हणतो,
"तिला सांगायचं राहिलंच."

झाकण लावण्याआधी मी एर्मेकचा आकडा पुसते.
तिथे पेन्सिलीने अक्षरांत लिहिते,
शाळेत शिकवतात तसं, सुटं सुटं:
एकवीस.
कोळ्याला आत जाऊ देत नाही.
तो झाकणाच्या कडेवर बसून राहतो.