बत्ती कुठं होती

शटर अर्धंच वर गेलं. पगारे म्हणाले, वाका.
वाकलो.
आत थेटरभर लग्नाच्या खुर्च्या,
लाल प्लास्टिकच्या, एकीत एक रोवलेल्या,
पाठीवर पांढऱ्या रंगात 'गोदाई मंडप'.
नाटक गेलं, मग सिनेमा गेला,
आता तिथी नसेल तेव्हा मंडपवाला माल ठेवतो.
बाहेर मेन रोडवर स्वेटरवाले ओरडत होते.
डिसेंबर. नाशिकची थंडी आधी कान धरते.

'लोक येतात,' पगारे म्हणाले, 'कुठून कुठून.
दोनच गोष्टी विचारतात.
साहेब कुठं बसला होता. पोरगा कुठं उभा होता.'
'मग?'
'पहिली रांग दाखवतो. फोटो काढतात.
खुर्च्या चारदा बदलल्या. एकदा तर ढेकणांपायी जाळल्या.
मागल्या साली तिथं पाणी गळत होतं,
तवा दोन हात डावीकडं सरकवली मी ती जागा.
कोणी काही बोललं नाही.'

मला साहेबाचं विचारायचं नव्हतं.
पोराचंही नाही.
त्याच्या नावानं शाळेत ओरडलोय आम्ही, हात वर करून,
घोषणा संपली की बुंदी मिळायची.
मला विचारायचं होतं कचरू भागुजीचं.
आजोबांचा बाप. तांबट आळीतला,
हंड्यांना ठोके घालून घालून उजवा कान गेलेला,
आणि नाटक असलं की रात्री इथं बत्त्यांवर.
हवा भरायची, जाळी फुटली तर बदलायची.
चार आणे, आणि एका कानापुरती फुकट गाणी.

तो आवाज झाला तेव्हा
निम्म्या लोकांना वाटलं, नाटकातलाच आहे.
कोणीतरी म्हणे वन्स मोअरही दिला
(हे आप्पाकाकांचं. आप्पाकाकांचं किती धरायचं).
मग रात्रभर चौकीत सगळ्यांना एकच प्रश्न:
काय पाहिलंस?
कचरू म्हणाला, मी बत्तीकडं बघत होतो.
तीन दिवस विचारलं. पाठीवर विचारलं.
मी बत्तीकडं बघत होतो.

ते वाक्य मग घरातच राहिलं.
दूध उतू गेलं की आजी म्हणायची,
मी मेली बत्तीकडं बघत होते.

आप्पाकाकांच्या मते त्याला सगळं ठाऊक होतं,
त्यानंच ऐन वेळी हवा सोडली.
दर सव्वीस जानेवारीला
त्यांच्या गोष्टीतला उजेड आणखी थोडा कमी व्हायचा.
माझे वडील म्हणत, घाबरला असेल. चार पोरं होती पदरात.
दोघांनीही त्याला पाहिलेलं नव्हतं.

'पगारे, बत्ती कुठं होती?'

पगाऱ्यांनी तंबाखू मळायची थांबवली.
'हे पहिल्यांदा ऐकतोय.'
बॅटरी वर मारली. पत्रे, कबुतरं,
तुळईला एक हूक, गंजून मिशीसारखा वाकडा.
पंख्याचाही असेल.
त्याच्याखाली उभा राहिलो, मोबाईलचा दिवा लावला,
हात वर केला, शाळेतल्यासारखाच,
आणि साठ मोजेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो.

मग खाली पाहिलं.
खुर्च्या नव्हत्या. पगारे नव्हते. रंगमंच नव्हता.
नुसता एक हिरवा डाग,
नजर जाईल तिथं माझ्या आधी पोचणारा.
त्या डागात कोणी कोणाला मारलं असतं
तरी मला शपथेवर काही सांगता आलं नसतं.

खरं बोलला, असं मनात आलं
आणि पाठोपाठ आळीतले म्हातारे आठवले:
बत्ती ज्याच्या हवाली असते
तो बत्तीकडं कधीच बघत नाही.
तो भिंत बघतो, पडदा बघतो,
माणसांच्या तोंडावरचा उजेड बघतो.
तोंडं फिकी पडली की हवा भरतो.

म्हणजे तोंडं.
रांगेनं, सगळी.

'दिसलं का काही?' पगारे विचारत होते.
तेवढ्यात बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला.
पंचवटीत साखरपुडा, दोनशे खुर्च्या, अर्ध्या तासात.
'आलाच आहात तर हात लावा.'
लावला.
पहिली रांग आम्ही सगळ्यात आधी चढवली.