रतनची पाटी

गटाच्या वहीत तीन रकाने होते:
जमा, खर्च, शिल्लक.
मार्चच्या बैठकीत मी चौथा आखला.
फूटपट्टी सापडेना, काडेपेटीच्या कडेने ओढला,
तो जरा तिरकाच आला.

तृप्ती आडकरचे दिवस भरत आले होते.
नवरा ट्रॉलरवर, कारवारच्या बाजूला.
सासरी दुसरी बाई नाही,
आई घाटावर, गुडघ्यांनी बसलेली.
ओरोसच्या दवाखान्यात आत एकीलाच सोडतात.
ती एक कोण, एवढाच प्रश्न.

सर्जेकोटात याला एकच उत्तर, रतन धुरी.
रतन सुईण नव्हे. नाळेला ती हात लावत नाही,
डॉक्टरच्या कामात बोट घालत नाही.
ती कंबर दाबते, श्वास मोजते,
घाबरलेल्या पोरीच्या कानाशी काहीबाही बोलत राहते,
आणि नर्स ओरडली तर नर्सलाही चहा विचारते.

वत्सला म्हणाली,
"हात धरूक पैशे कित्याक?
आमचो हात कोणी धरलेलो?"
कोणी काही बोललं नाही.
मला खाटेचा लोखंडी दांडा आठवला,
सत्त्याण्णव सालचा, गंज चढलेला.
आठवडाभर हाताला त्याचा वास होता.

रतनने पान थुंकलं, तोंड पुसलं.
"हात फुकट. माझी रात फुकट नाय."
मग बोटांवर मोजून दाखवलं:
रात्र जागली की पहाटेचा लिलाव चुकला,
लिलाव चुकला की पाटी रिकामी,
म्हणजे सातआठशे तिथेच गेले.
वर ओरोसची रिक्षा, जाऊन येऊन,
"आणि खाटेवरच्या सासूक पेज कोण भरवतला?"

वत्सला बराच वेळ वहीकडे बघत बसली.
वाचता येत असल्यासारखी.
मग म्हणाली, "सासूक मी भरवतलंय. लिही."

त्यानंतर पटापट झालं.
रिक्षावाला दत्ताराम तेलापुरते घेतो म्हणाला,
उरलेले गणपतीत.
दोन घरांतून सुकटीचा डबा, एकीकडून पन्नासची नोट,
पाच वेळा घडी घातलेली.
पाटी तेवढी राहिली.
सगळ्या जणी विकणाऱ्याच; प्रत्येकीची आपली पाटी, आपली गिऱ्हाइकं.
मोकळी मी एकटी. मी ब्लाउज शिवते.

एप्रिलच्या एका पहाटे जेटीवर उभी राहिले.
लिलाव सुरू झाला कधी, संपला कधी,
बांगड्याचा भाव माझ्या डोक्यावरून गेला.
कोणीतरी माझा हात धरून वर केला
आणि एक सुरमई माझी झाली.

मालवणच्या बाजारात पाटीमागे बसले.
हॉटेलवाला कल्ले उचकटून म्हणाला, "काल्चो मासो."
मला खरंच वाटलं, कालचाच असेल.
साडेपाचशेची सुरमई तीनशे ऐंशीला दिली,
वर दोन बांगडे.
तेवढ्यात फोन वाजला. हाताला खवले, पैसे दातांत धरलेले.
वाजून वाजून बंद पडला.

दुपारी रतन रिक्षातून उतरली.
डोळे लाल, मनगटावर चार नखांच्या खुणा
ओळीने, एखाद्या हिशेबासारख्या.
मी विचारलं, "काय झालं?"
ती म्हणाली, "सुरमई कितक्याक दिलंस?"

आकडा सांगितला.
ती हसली नाही. वही मागितली,
तिरक्या रकान्यावर बोट ठेवलं.
"एकशेसत्तर. हंय घाल."
मग आत जाता जाता,
सासूच्या खाटेपाशी पोचल्यावर तिला आठवलं:
"चेडू झाला. तीन किलोक थोडा कमी.
तृप्ती निजली."

मे महिन्यात फरीदाची वेळ आहे.
सासूची पेज ठरली, रिक्षा ठरली.
पाटी या वेळी वत्सला घेते म्हणाली,
आपली विकून झाल्यावर, त्याच जागेवर.
मला कोणी विचारलं नाही.
मी दुपट्याचं कापड कापायला घेतलंय.