बुरणूस

कोंढव्यात, तिसऱ्या मजल्यावर,
मशीनमधून निघाला मुलाचा नवा स्वेटर
वीतभर, जाडजूड, बाहुलीच्या मापाचा.
मी कपाळाला हात लावला.

सासऱ्यांनी, दस्तगीर नदाफांनी, तो मागून घेतला,
बोटांत चोळला, खिडकीशी धरला.
"जमलाय," म्हणाले.
बारा वर्षांत मशीनबद्दल
त्यांचा हा पहिला बरा शब्द.

मग सुटलेच. इंदापूरची काळी लोकर,
कुसळांसकट आणलेली.
पिंजताना तातीचा ठणठणाट, नाकात धूळ.
चटईवर थर, वर कढत पाणी, रिठ्याचा फेस,
आणि गुंडाळी करून दोघे भाऊ
कोपरांनी रेटताहेत, ऊन कलेपर्यंत.

"विणायचं नसतं त्यात काही.
उभा धागा नाही, आडवा नाही.
एकमेकांत इतकं घुसवायचं,
की कुठल्या मेंढीचा केस कुठला
तिच्या धन्यालाही कळू नये."

भाऊ सोलापूरला असतो. बोलणं नाही.
हे ते बोलले नाहीत.

स्वेटर आता चहाच्या पातेल्याखाली असतो.
काल रात्री, दिवा घालवताना, त्यांनी विचारलं:
पाणी नेमकं किती गरम होतं गं?