फक्त आणीबाणीपुरतं

बर्डीवर, मेट्रोच्या पुलाखाली,
कव्हर आणि इयरफोनांच्या लोंबत्या गर्दीमागे
एका काचेच्या टेबलाएवढं माझं दुकान.
मे महिना. कूलरचा वाळा दुपारपर्यंतच ओला राहतो.

खोब्रागडे काकांनी रुमाल सोडला.
आत फोन, बटणांचा, पाचाचा आकडा झिजून गेलेला.
"ताप आहे याले. हात लावून पाह्य.
रात्रभर उशाजवळ होता, सकाळी भाकरीसारखा गरम.
चार दिवस चालायचा, आता दुपार पाह्यत नाही."

वरच्या कोपऱ्यात काड्या उभ्या राहायच्या
तिथे फुली.
खाली लिहिलेलं: फक्त आणीबाणीपुरतं.

मी सांगितलं, काका, टॉवर आहे तिथंच आहे,
त्याची बोली बदलली.
हा जुन्या बोलीत हाका मारतो, कोणी ओ देत नाही,
मग अजून जोरात मारतो.
बॅटरी त्यातच जाते.

ते हसले.
"टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो मी, पोरी. एकतीस वर्षं.
खड्ड्यात बसून तारेला तार:
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी.
झोपेतही म्हणतो, विचार कोणालेही.
मंग याच हातानं सारं उपटलं, तांबं किलोनं गेलं.
मेलेली लाइन कानाले लावली आहे का कधी?
आपला श्वासही वापस येत नाही."

मी चौदाशेचा नवा दाखवला. बटणांचाच. नंबर तोच राहील.
"घेतो. पण नळाचा अलार्म याच्यात आहे."
चार वीसला उठवतो, पाचला पाणी जातं.
टॉवर सुटल्यापासून मात्र याचं घड्याळ घसरतं,
आठवड्याला एक मिनिट,
आणि कोणीतरी बॅटरी काढली तेव्हापासून
तारीख एक जानेवारी, दोन हजार आठ.
"परवा याच्या हिशोबानं मी ड्युटीवर होतो,"
म्हणाले, आणि चष्मा पुसला.

मी मेनू उघडून बघत गेले काय काय उरलंय.
टॉर्च. बेरीज-वजाबाकी.
रेडिओ आहे, पण वायर खुपसल्याशिवाय बोलत नाही.
सापाच्या खेळात अकराशे चौऱ्याऐंशी, कोणाचे ते माहीत नाही.
इनबॉक्स भरलेला.
कारागिरानं वाचू नये, मी वाचत नाही,
पण पहिली ओळ दिसतेच.
नाव: घर.
"कूलरात पाणी टाकजा"
मी वाचल्याचं त्यांनी पाहिलं.
रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

मग मी त्याला विमानात बसवलं.
काड्यांच्या जागी इवलंसं विमान आलं.
"घ्या! मी नाही बसलो अजून, हा बसला."
आता हा कोणाला शोधणार नाही, मी म्हटलं,
आठवडाभर टिकेल, बघाच.
हातात धरून बसले थोडा वेळ. निवत गेला.
"अन् याले कोणी शोधलं त?"

पुलावरून मेट्रो गेली. टेबलाची काच थरथरली.
मी नव्याचं बिल करत राहिले.

आता दर गुरुवारी येतात
नवा वरच्या खिशात, जुना रुमालात,
एक मिनिट पुढं करून घ्यायला.
मी पैसे घेत नाही, ते चहा सांगतात.
वर्ष दुरुस्त करू का, एकदा विचारलं होतं.
"राहू दे. नळाले साल लागत नाही."

काल रुमाल उघडला
तर फोन परत गरम.
विमान नाही. फुली.
मी वर पाहिलं.
ते पुलाच्या खांबाकडे बघत होते.
"रातच्याले थोडा वेळ शोधू देतो त्याले," म्हणाले.
"आदत आहे. एकदम नाही सुटत."