चौदा नंबरचा सांधा

पहिल्या आठवड्यात मी त्याला तीन ओळींची ईमेल केली:
चौदा नंबरचा सांधा.
दोन मिलिमीटर बाहेर.
शुक्रवारपर्यंत.

ओतार ती छापून, चार घड्या घालून,
खिशात घेऊन माझ्या दाराशी आला.
बाहेर उणे अठरा, आणि हा घामाघूम.
"मला काढून टाकलंय का?"
मी म्हटलं, सांधा काढ. तुला कोण काढतंय?
हा आमच्याकडचा विनोद होता.
तो हसला नाही.

रौमाच्या या गोदीत माझी एकोणतीस वर्षं गेली.
माझ्या आधीचा फोरमन, म्हातारा वेइक्को,
त्यानं अख्ख्या नोकरीत मला एकदाच शाबासकी दिली:
माझ्या कामाकडे पाहिलं, आणि पुढे गेला.
त्या रात्री मी घरी जाऊन केक भाजला होता.

ओतार बातुमीचा, काळ्या समुद्राकाठचा.
सकाळी आधी माझ्या आईची तब्येत विचारणार,
मग बहिणीची, मग कुत्र्याच्या दुखऱ्या पायाची,
आणि मग सांगणार की गॅस संपलाय.
मी घड्याळाकडे बघते.
मी बघते, हे तो बघतो.

सात महिन्यांनी राजीनामा.
"माझ्या कामात चूक आहे?"
नाही.
"मग माझ्यात?"
नाही.
"सात महिने तुम्ही काही बोलला नाहीत.
आमच्याकडे इतकं गप्प
फक्त मयताजवळ बसतात."

चूक असती तर बोलले असते,
एवढंच मला सुचलं.
मग दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो,
तो तिसऱ्याच कुणाचा असावा तसे.
शेवटी काहीतरी ठरलं. ठरलं म्हणजे काय,
त्यानं कागद परत खिशात घातला.
चार घड्या.

शुक्रवारी गाडीत मी तालीम केली,
लाल सिग्नलला, आरशात बघून:
छान. उत्तम. सुंदर.
तोंडात दुसऱ्या कुणाचे दात बसवल्यासारखं वाटत होतं.
गोदीत पोचले आणि सगळ्यांसमोर म्हणाले,
"तुझा सांधा वाईट नाही."

तो इतक्या मोठ्यानं हसला
की वरती सेप्पोनं क्रेन थांबवली.

त्यानंही शिकायला घेतलं.
कॉफीच्या सुट्टीत दहा मिनिटं न बोलता बसतो,
पाण्याखाली श्वास कोंडून बसलेल्या पोरासारखा,
गुडघा तेवढा हलत असतो.
अकराव्या मिनिटाला वर येतो: "आई कशी आहे?"
विसरायला लागलीय, मी म्हणते.
परवा मला वहिनी समजली.
हे मी अजून भावालाही सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये दाबाच्या चाचणीत पाइप फुटला.
चूक शिकाऊ लाउरीची.
ओतारला आधीच माहीत होती.
झाकली. म्हणाला, पोराची अब्रू
चारचौघांत कशी घालवायची?
पाणी जमिनीवरून माझ्या बुटांपर्यंत आलं.
मी काही बोलले नाही.

तो पांढराफटक पडला.
म्हणजे रोजचं माझं गप्प बसणं
आणि हे,
यातला फरक त्याला आता कळत होता.

त्यावर अजून आमचं जमलेलं नाही.
तो म्हणतो, आधी पोराला, एकट्याला.
मी म्हणते, आधी मला.
दोन वेगळ्या जातींचं पोलाद जोडताना
दोन्ही बाजूंना आधी ऊब द्यावी लागते,
हे मी त्याला उपमा म्हणून ऐकवायला गेले,
तर म्हणाला, "पोलादाला आई नसते."

संध्याकाळी माझ्या टेबलावर
अक्रोडांची माळ ठेवलेली,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली.
खाली चिठ्ठी, तीन ओळींची:
अक्रोड.
आईसाठी.
शुक्रवारपर्यंत.