बंदीतलं बीळ

बंदीची हद्द म्हणजे प्रवाळावर रोवलेल्या दोन काठ्या,
वर तांदळाच्या पोत्याची फाटकी निशाणं.
मादागास्करच्या नकाशात ही रेघ नाही,
आमच्या पायांत आहे.

सभेत मी हात वर केला होता,
चिंचेखाली, सगळ्यांदेखत.
तीन महिने अष्टपादाला हात लावायचा नाही,
मोडेल त्याला एक बोकड दंड.
माझ्याकडे बोकड नव्हता,
म्हणून हात वर करणं सोपं गेलं.

बासष्टाव्या रात्री मसिनारोच्या अंगात ताप होता,
कसाव्याचं पीठ डब्याच्या बुडाशी गेलं होतं
आणि अमावास्येची ओहोटी इतकी लांब ओसरली
की समुद्राची पाठ उघडी पडली.
सळई घेतली. दिवा नाही घेतला.

ते बीळ मला अंधारातही सापडतं.
आई म्हणायची, ज्याच्या दारात उष्टं तो घरात.
दारात खेकड्यांची कवचं होती,
पायाला बुळबुळीत लागली, शेवाळ धरलेली.
तिथंच कळायला हवं होतं.

सळई आत सारली की तो मिठी मारतो,
तेवढ्यावर आपण त्याला ओढतो.
या वेळी मिठी पडली नाही.
आतून कुणीतरी सळई नुसती लोटली,
दुखणाईतानं दार लोटावं तशी.
मी हात घातला.
बिळाच्या छताला लोंब्याच लोंब्या,
भाताच्या असाव्यात तशा, ओल्या, बारीक दाण्यांच्या.
आणि त्यांना धरून ती,
किती दिवसांची उपाशी कोण जाणे.

दया आली असं सांगितलं तर खोटं होईल.
मी हिशेब केला:
किलोभरही भरायची नाही,
व्यापारी काट्यावर ठेवून हसेल.
मग हात बाहेर घेतला.
मग बराच वेळ तिथंच बसून राहिले,
याचा हिशेब मात्र लागत नाही.

परतताना राखणदार तोलिही भेटला.
टोपली रिकामी, पण पाय काठ्यांच्या पलीकडे.
दंड हाताला की पायाला,
यावर चिंचेखाली दुपारपर्यंत भांडण.
दूर खाडीत जहाजाचे दिवे त्या रात्रीही होते,
त्यांचं नाव कुणी काढलं नाही;
त्यांना बोलवायचं तर चिंच पुरायची नाही.
शेवटी अर्धा गुन्हा ठरला. एक कोंबडी.
अंड्यावर आलेली होती.

बंदी उठली त्या पहाटे
दीडशे बायका पाण्यात धावल्या.
मला पाच मिळाले, दोन तर उचलवेनात.
गेल्या साली असे पाहिले नव्हते.
दहा वाजेपर्यंत व्यापाऱ्याचा बर्फ संपला
आणि भाव पडला.
तरीही पदरात पडलं ते
रोजच्या खरवडण्यापेक्षा जास्तच होतं, हे कबूल.

माझ्या बिळाशी सगळ्यात शेवटी गेले.
दारात काही नव्हतं.
हात घातला नाही.

त्या पैशांतून मसिनारोच्या गोळ्यांची उधारी फेडली
आणि एक बोकड घेतला.

परवा पुन्हा सभा.
या खेपेला चार महिने, म्हणाले.
माझ्या हाताला वर जायला वेळ लागला.
सगळे बघत होते.
बोकड खाली पडलेला चिंचेचा पाला खात होता.