दोन टक्के

अंबडच्या कंपनीत मी बुशिंग तपासते.
गेजचं एक टोक आत गेलंच पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
एकवीस वर्षं हेच.
आता हातच बघतात, डोळे नुसते सोबतीला.
पण माणसाला लावायचा गेज
स्टोअरमध्ये मागून मिळत नाही.

पहिला एजंट इंदिरानगरचा.
गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मिस्टर कधी येणार?"
मिस्टर नाहीत म्हटल्यावर
थेट किचनमध्ये घेऊन गेला,
ओट्यावरून बोटं फिरवत राहिला.
कार्पेट किती, विचारलं.
"कार्पेट काय बघता, व्ह्यू बघा."
व्ह्यूमध्ये पांडवलेणी होती. खरोखरच होती.
लेणी बिल्डरची नव्हती,
पण दरात धरलेली होती.

दुसरा पोरगा, तन्मय की चिन्मय.
रोज सकाळी सहा फ्लॅटचे फोटो,
सहाही फ्लॅटमध्ये एकच सोफा.
"आज टोकन टाका ताई, संध्याकाळी पुण्याची पार्टी येतेय."
पार्टी तीन आठवडे येतच होती.
मला तर काळजी वाटायला लागली,
बिचारी संगमनेरला अडकली की काय.

तिसरे लियाकत कोकणी.
भद्रकालीत, शिलाई मशीनच्या दुकानावर एक खोली,
दोन खुर्च्या, आणि भिंतभर शहराचा नकाशा.
नकाशावर गोदावरीच्या कडेने छापील निळी रेघ,
तिच्या बरीच बाहेरून पेन्सिलीची दुसरी.
"ती सरकारची पूररेषा," म्हणाले,
"ही मी पाहिलेली."

त्या दिवशी घर दाखवलंच नाही.
विचारत बसले:
सेकंड शिफ्ट सुटते कधी,
आईला जिने चढवतात का,
हप्ता किती झेपेल,
बँक सांगते तो नाही,
दिवाळीच्या महिन्यात झेपेल तो.

पाथर्डी फाट्याचा फ्लॅट मला बघताक्षणी आवडला.
"आवडला ना? मग आता रात्री साडेअकराला या.
कुणाला तरी सोबत घ्या, आणि स्टॉपपासून चालत या."
मी नि सिंधू गांगुर्डे चालत गेलो.
तिसऱ्या खांबापासून पुढे दिवे नव्हते,
कुत्री मात्र होती, आपापल्या हद्दीत.
"चेअरमनला भेटू नका," लियाकतभाई म्हणाले होते,
"वॉचमनला चहा पाजा."
चहा संपायच्या आत कळलं
की पार्किंगची ती जागा
आधीच दोघांना विकलेली आहे.

दुसऱ्या दिवशी मी चिडूनच विचारलं,
तुम्हाला माहीत होतं?
"होतं. म्हणून तर पाठवलं.
हा फ्लॅट मी विकणार, पण तुम्हाला नाही."
मग कुणाला?
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला,
परत घातला.
बोलले काहीच नाहीत.
गेज जिथे जाता कामा नये
तिथे केसभर गेला.
कंपनीत असा नग मी बाजूच्या ट्रेमध्ये टाकते.

तरी गेले त्यांच्याच मागे, म्हसरूळला.
दुसरा मजला, अकरा वर्षांची इमारत,
खिडकीवर एक तडा.
खिशातून तीच पेन्सिल काढून
त्यांनी तड्यावर आडवी रेघ मारली, खाली तारीख.
"पावसाळा जाऊ द्या. रेघ तुटली तर सौदा तुटला."
मूळ मालक आठवड्याला फोन करायचा,
ते आठवड्याला तेच उत्तर द्यायचे.
दसऱ्याला जाऊन भिंग लावून पाहिलं.
रेघ सलग होती.

दलाली दोन टक्के.
मी घासाघीस केली, रीत म्हणून.
"जो स्वतःचे पैसे लगेच सोडतो
तो तुमचे काय धरून ठेवणार?"
एक रुपया सोडला नाही.
नोटा दोनदा मोजल्या,
पावती दिली, शिक्क्यासकट.

काल रंगारी विचारत होता,
ताई, ही पेन्सिल घासून काढू का?
म्हटलं, राहू दे सध्या.

पाथर्डी फाट्याचा तो फ्लॅट
शेवटी कोणी घेतला,
हे मी अजून विचारलेलं नाही.